हाऊसेला मोल नाही

आमच्या घरात 'हाऊस' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक हाऊस म्हणजे ज्यात आम्ही राहतो ते. डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट असली तर असते. त्याचे हप्ते मी अजून फेडतो आहे. ज्या बँकेचं कर्ज त्याच बँकेत मी कारकून असल्यामुळे महिनाअखेर बँक मला पगार देते आणि पाच तारखेला त्यातला निम्मा 'सहज आठवलं म्हणून' परत मागून घेते. दुसरं हाऊस बर्लिनहून पार्सलाने येतं. ते पुठ्ठ्याच्या चौकोनी खोक्यात असतं, काळं असतं, बारा इंच व्यासाचं असतं, त्याला मधोमध भोक असतं आणि ते लावलं की आतल्या खोलीत आमच्या आईचा पलंग हलतो.

आईला हल्ली कमी ऐकू येतं. पण एवढं मात्र ती सांगते, "कानाला नाही कळत रे, पलंगाला कळतं."

हौसेला मोल नसतं, असं आमचे पूर्वज सांगून गेले. त्यांना हौस ठाऊक होती, हाऊस ठाऊक नव्हतं. हाऊसला मोल असतं, ते युरोत असतं, आणि त्यावर टपालखर्च वेगळा असतो. पहिलं पार्सल आलं तेव्हा पोस्टमनने ते हातात तोलून विचारलं, "साहेब, काय आहे? थाळ्या?" सौभाग्यवती दारातच उभी होती. ती म्हणाली, "थाळ्या असत्या तर बरं झालं असतं. जेवता तरी आलं असतं."

हे खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं ते शेवटी सांगेन. शेवटी अशासाठी, की त्यात माझी बाजू पडती आहे, आणि पडती बाजू आधी सांगू नये हे आम्हाला कर्जदारांनी शिकवलेलं आहे. तोवर हे प्रकरण काय आहे ते सांगतो. मी बी.कॉम. आहे, संगीत विशारद नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

हाऊस हे नाव गोदामावरून पडलं. शिकागो शहरात १९७७ साली 'वेअरहाऊस' नावाचा एक नाचाचा क्लब निघाला. तिथे येणारी मंडळी बहुतेक काळी, त्यातली पुष्कळशी समलिंगी. म्हणजे ज्यांना बाकीच्या शहरात कोणी 'या, बसा' म्हणत नव्हतं अशी. त्यांच्यासाठी रेकॉर्डी लावणारा फ्रँकी नकल्स नावाचा तरुण होता. लोक दुकानात जाऊन विचारायचे, त्या वेअरहाऊसमध्ये लागतं तसलं काही आहे का? बोलता बोलता 'वेअर' गळालं, हाऊस उरलं. गोदामातला माल तारण घेऊन कर्ज देतात हे मला ठाऊक होतं, पण गोदामातून एक अख्खं संगीत निघेल आणि जगभर त्याची उचल होईल, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

त्याच शहरात १२ जुलै १९७९ या दिवशी आणखी एक प्रकार घडला. तिथे बेसबॉलचं मैदान होतं, कॉमिस्की पार्क. रेडिओवरच्या एका निवेदकाने जाहीर केलं, डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन या, अठ्ठ्याण्णव सेंटात आत सोडतो. लोक आले, आणि अपेक्षेपेक्षा फारच जास्त आले. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्या रेकॉर्डींचा ढीग मैदानात रचून दारू लावून उडवला. मग प्रेक्षक मैदानात उतरले, मैदान उखडलं गेलं आणि दुसरा सामना यजमानांना न खेळताच सोडून द्यावा लागला. डिस्को मेला, असं सगळ्यांनी ठरवलं. तर १९८४ मध्ये त्याच गावात जेसी सॉंडर्सची 'ऑन अँड ऑन' ही रेकॉर्ड आली. पहिली हाऊस रेकॉर्ड म्हणून तिचं नाव घेतात. खातं बंद झालं म्हणून शिक्का मारावा आणि दुसऱ्या खिडकीवर तोच इसम नवीन फॉर्म भरताना दिसावा, तसं झालं.

आता संगीत म्हणून हे काय आहे? आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त संस्कृत शिक्षक राहतात. ते एकदा चहाला आले आणि नेमकं पार्सल फोडलेलं होतं. मी रेकॉर्ड लावली. दोन मिनिटं नुसताच ढोल वाजला. गुरुजी सभ्य माणूस. चहाचा घोट घेत थांबले. तिसऱ्या मिनिटाला एक झांज आली. गुरुजींनी मान हलवली. पाचव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "गाणं केव्हा सुरू होतं?"

मी म्हटलं, "गुरुजी, झालं सुरू मघाशीच."

"मग हे जे चाललंय ते काय? मुखडा?"

सातव्या मिनिटाला झांज गेली, पुन्हा नुसता ढोल उरला आणि रेकॉर्ड संपली. गुरुजी उठले. दारात चप्पल घालताना म्हणाले, "प्रास्ताविक आणि आभार ऐकले. मुख्य वक्ते आले नाहीत वाटतं."

खरं तर या प्रास्ताविकाला कारण आहे. या रेकॉर्डी घरी बसून ऐकण्यासाठी नसतातच. रेकॉर्डी लावणाऱ्याकडे दोन यंत्रं असतात. एकीवरची संपत आली की दुसरीवरची त्याच लयीत आणून तिच्यात मिसळायची. पुढचा-मागचा नुसता ढोल म्हणजे हा सांधा जोडायला ठेवलेली जागा, शिवणकामात माया सोडतात तशी. आमच्या घरी यंत्र एक आहे आणि सांधायला दुसरं काही नाही, त्यामुळे आम्ही कपडा न शिवता नुसती माया बघत बसतो.

आणि ताल म्हणाल तर आपल्या लोकांना तो झेपत नाही याचंही कारण मी शोधून काढलं आहे. तीनतालात सोळा मात्रा असतात, एक सम असते, एक खाली असते. माणूस सगळं गाव भटकून समेवर येतो आणि आपण 'वाहवा' म्हणतो. हाऊसमध्ये मात्रा चार आणि चारही सम. खाली नाहीच. मिनिटाला एकशे वीस-पंचवीस वेळा सम येते. कितीदा वाहवा म्हणणार? पण मला हे आपलंसं वाटायला वेळ लागला नाही, कारण आमच्या शाखेतलं पासबुक छापण्याचं यंत्र वर्षानुवर्षं हेच वाजवत आलं आहे. त्याच्यात मधूनच कागद अडकून जो एक तिरपा आवाज निघतो, तो तर मी डेट्रॉइटच्या एका नव्या रेकॉर्डवर जसाच्या तसा ऐकला. आम्ही तो आवाज आला की मेकॅनिक बोलावतो.

हीच गोष्ट पिन अडकण्याची. आपल्याकडे एखादा माणूस तेच तेच बोलायला लागला की 'याची पिन अडकली' म्हणतात. लहानपणी रेकॉर्डची पिन अडकली की घरातला सर्वांत जवळचा माणूस उठून तिला बोटाने पुढे ढकलायचा. तिकडे पिन अडकावी म्हणून मुद्दाम खाच कापतात! वाटोळी, स्वतःच्याच शेपटीला मिळालेली खाच. पिन तिच्यात गेली की जन्मभर तिथेच. डेट्रॉइटच्या जेफ मिल्सने १९९४ मध्ये 'सायकल थर्टी' नावाची रेकॉर्ड काढली, तिच्यावर अशा खाचा आहेत. रेकॉर्ड मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या घेते, म्हणजे एक फेरी १.८ सेकंदांत. एका फेरीत चार ठोके बसवले की मिनिटाला एकशे तेहेतीस आणि वर चिल्लर. व्याज काढून काढून हात बसलेला असल्यामुळे हे मी कागदावर करून पाहिलं. बरोबर येतं. टेक्नो या हाऊसच्या धाकट्या चुलतभावाचा वेग साधारण हाच. विश्वाची रचना करणाऱ्याने यंत्राचा वेग आणि नाचणाऱ्याचे पाय यांचा ताळेबंद आधीच जुळवून ठेवला होता म्हणायचं.

बारा इंचांचीही एक गंमत आहे. पूर्वी एका गाण्याची रेकॉर्ड सात इंची असायची. १९७० च्या दशकाच्या मध्यावर न्यू यॉर्कमध्ये टॉम मोल्टन हा गृहस्थ एक गाणं कापून घ्यायला गेला, तर सात इंची कोऱ्या चकत्या संपलेल्या. मग मोठ्या चकतीवर कापलं. एवढीशी खाच एवढ्या मोठ्या चकतीवर भिकाऱ्यासारखी दिसायला लागली म्हणून ती ऐसपैस पसरून कापली, आणि आवाज असा दणदणीत आला की सगळे बघतच राहिले. ढोलाचा खर्ज हा जागा खाणारा पाहुणा आहे. त्याला हातपाय पसरायला मिळाले तरच तो मोकळा बोलतो. १९७६ साली पहिली बारा इंची एकगाणी रेकॉर्ड दुकानात विकायला आली. स्टेशनरी संपली म्हणून शोध लागल्याचं जगाच्या इतिहासात हे एकच उदाहरण असावं. आमच्याकडे स्टेशनरी संपली की गिऱ्हाईकाला 'सोमवारी या' म्हणतात.

आता अर्थशास्त्र. इथे मात्र माझ्या पदवीचा पार निकाल लागला.

नवी भूमिगत रेकॉर्ड निघते ती तीनशे प्रतींची. फार झाल्या तर पाचशे. त्या संपल्या की पुन्हा काढत नाहीत, आणि काढणार नाही असं आधीच सांगून ठेवतात. पुष्कळदा गाणं दुसरीकडे कुठेही मिळत नाही, फोनवर नाही, संगणकावर नाही, फक्त रेकॉर्डवर. मागणी आहे, माल संपलाय, भाव चढतोय, अशा वेळी पुरवठा वाढवावा हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. ही माणसं पुरवठा वाढवत नाहीत. तीनशेच्या तीनशे विकल्या तरी हातात फारसं काही उरत नाही, ते आनंदाने पुढच्या तीनशेला लागतात. असा प्रस्ताव घेऊन कोणी आमच्या शाखेत कर्जाला आला असता तर त्याला मी पाणी देऊन घरी पाठवलं असतं. सौभाग्यवतीने मात्र यातलं मर्म चटकन ओळखलं. ती म्हणाली, "तीनशेच काढतात? म्हणजे जगात वेडे किती याची त्यांच्याकडे यादी आहे."

आणि त्या तीनशेंवर नाव नसतं. नुसतं पांढरं लेबल. पूर्वी कंपन्या रेकॉर्ड बाजारात येण्याआधी चाचणीच्या काही प्रती कोऱ्या लेबलाने काढून रेकॉर्डी लावणाऱ्यांना वाटत. पुढे ती कोरेपणाची फॅशनच झाली. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर भाच्याला म्हणत होतो, "व्हाईट लेबल आहे ना? मग दोन घे." मागे आमचे मॅनेजर उभे होते. रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून बँका नसलेल्या कंपन्यांनाही पैसे काढायची यंत्रं बसवायला परवानगी दिली, त्यांना आमच्या धंद्यात 'व्हाईट लेबल एटीएम' म्हणतात. साहेबांचा असा समज झाला की मी दोन एटीएम विकत घेतो आहे. पुढचे आठ दिवस ते माझ्याशी आदराने बोलत होते.

फारच सजवायचं झालं तर या पांढऱ्या लेबलावर रबरी शिक्का मारतात. हाताने. एकेक करून तीनशे. काही वाकडे बसतात, काहींची शाई पुसट होते, आणि गिऱ्हाईक कौतुकाने म्हणतं, बघा, प्रत्येक प्रत वेगळी! वाचकहो, मी गेली बावीस वर्षं हाताने शिक्के मारतो आहे. वाकडे मारलेत, पुसट मारलेत, एकदा तर उलटा मारला. प्रत्येक प्रत वेगळी होती. कौतुक सोडा, लेखी खुलासा द्यावा लागला.

बर्लिनमध्ये 'हार्ड वॅक्स' म्हणून रेकॉर्डींचं दुकान आहे, १९८९ पासूनचं. ते काढणारा मार्क अर्नेस्टस आणि मॉरित्झ फॉन ओस्वाल्ड या दोघांनी १९९३ पासून 'बेसिक चॅनेल' या नावाने ज्या रेकॉर्डी काढल्या, त्यांच्या लेबलावरचं नाव प्रत्येक नव्या रेकॉर्डगणिक अधिकाधिक फिसकटत गेलं, शेवटी वाचताच येईना. लोक त्याला कला म्हणतात. आम्ही त्याला 'सही जुळत नाही' म्हणतो आणि चेक परत करतो.

मग ओळख पटवायची कशी? तीही सोय आहे. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली की आत, लेबलाच्या कडेला, खाचा संपतात तिथे एक कोरी गुळगुळीत पट्टी असते. तिच्यावर क्रमांक कोरलेला असतो, आणि कधी कधी कापणाऱ्या कारागिराने सुईसारख्या हत्याराने दोन शब्द लिहिलेले असतात. कोणाला तरी सलाम, कोणाची तरी थट्टा. ती वाचायला मला भिंग लागतं. रविवारी सकाळी खिडकीत उभा राहून मी भिंगाने रेकॉर्ड वाचत असलो की समोरच्या इमारतीतली मुलं आईला हाका मारतात.

भूमिगत हा शब्दही मी सुरुवातीला जरा भीतभीतच उच्चारत असे. आपल्याकडे भूमिगत म्हणजे बेचाळीसचे. मुंबईत लपून रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता. त्या शब्दाला एक वजन आहे, नाचगाण्याला तो लावायचा म्हणजे जिवावर येतं. पण डेट्रॉइटमध्ये 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' नावाची मंडळी आहेत. मोटारींचे कारखाने आटलेलं ते गाव, तिथली ही काळी मुलं. चेहऱ्यावर फडकं बांधतात, फोटो काढू देत नाहीत, आपली रेकॉर्ड आपण काढतात आणि मोठ्या कंपन्यांना दारात उभं करत नाहीत. हे वाचल्यावर मी तो शब्द वापरायला लागलो.

फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात एक कारखाना जळाला. रेकॉर्डची मूळ प्रत ज्या लाखेसारख्या लेपाच्या चकतीवर कापतात, ती चकती बनवणारे जगात दोनच कारखाने होते. एक हा, दुसरा जपानात. त्यातला एक गेला. बँक बुडणार अशी अफवा उठल्यावर खातेदार जसे दाराशी जमतात, तसा मी त्या महिन्यात एकदम तीन रेकॉर्डी मागवल्या. बँक बुडाली नाही, पण माझी शिल्लक गेली.

आता पडती बाजू.

आमचे अप्पा रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. आम्ही तेव्हा गिरगावात राहायचो, दोन खोल्या. अप्पांना शास्त्रीय गाण्याचं भलतं वेड, आणि पगार शास्त्रीय नव्हता. वर्षाकाठी चार-पाच रेकॉर्डी ते घ्यायचे, महिनाभर विचार करून. १९८३ च्या सुमाराला त्यांनी एक रेकॉर्ड आणली. पाकिटावर दहा रागांची नावं होती: भैरव, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस, सगळी बडी मंडळी. एका रेकॉर्डीत दहा राग! अप्पांनी हिशेब केला, रागामागे किती पडले, आणि खूश होऊन घेतली. 'टू अ डिस्को बीट' हे शब्द त्यांनी पाहिले नसावेत, किंवा छपाईची चूक समजले असावेत.

घरी येऊन लावली. तंबोरा नाही, तबला नाही. टुक्‌-टुक्‌-टुक्‌ असा यंत्राचा ढोल आणि त्याच्यावर पाण्याच्या नळात बेडूक अडकून बसल्यासारखा एक आवाज, जो भैरव गात होता. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा. मी पलंगावर उड्या मारायला लागलो. अप्पा यंत्राकडे बघत राहिले. रेकॉर्ड संपल्यावर एवढंच म्हणाले, "सूर मात्र चुकला नाही."

परत करणं शक्य नव्हतं. आणि पैसे दिलेली वस्तू न वापरणं अप्पांच्या रक्तात नव्हतं. म्हणून ते ती लावायचे. पण लावायचे ते कायद्याने. भैरव सकाळीच. यमन दिवेलागणीला. मालकंस रात्री, जेवणं झाल्यावर, आणि मग चाळीतून काही दारं जरा जोरात लागायची. दुपारी हातात सापडली तरी ते भैरवाला हात लावायचे नाहीत. "यंत्र असलं म्हणून काय झालं, वेळ पाळायला नको?"

१९९९ मध्ये आम्ही डोंबिवलीला आलो. मी वीस वर्षांचा, कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होतो, त्यामुळे शहाणा होतो. कॅसेटी होत्या, सीडी आली होती, रेकॉर्डचं यंत्र बंद पडून वर्षं झाली होती. सामान बांधताना मी रद्दीवाला बोलावला. त्याने पाकिटं वेगळी काढली, रेकॉर्डी वेगळ्या काढल्या. पाकिटं कागदात, रेकॉर्डी प्लॅस्टिकात. दोन ठिकाणी तोलून सत्तेचाळीस रुपये पन्नास पैसे झाले. मी घासाघीस करून पन्नास घेतले आणि ते अप्पांच्या हातात ठेवले.

अप्पा म्हणाले, "सगळ्या?"

"सगळ्या."

थोड्या वेळाने पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "ती डिस्कोवालीसुद्धा?"

मी म्हटलं, "तीच तर आधी दिली."

"बरं," असं म्हणून अप्पांनी पान उलटलं. २००७ साली ते गेले. या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

२०१९ मध्ये बहिणीचा मुलगा नोकरीला बर्लिनला गेला, आणि तिसऱ्याच महिन्यात त्याचा फोन आला. "मामा, मी रेकॉर्डच्या दुकानात आहे. हे ऐक. आपल्या मुंबईचं आहे, तुझा विश्वास नाही बसणार." त्याने फोन स्पीकरजवळ धरला. टुक्‌-टुक्‌-टुक्‌. मग तो नळातला बेडूक.

"भैरव," मी म्हटलं.

"मामा! कसं ओळखलंस?"

"असंच. ऐकलं होतं कुठेतरी."

मग त्याने मला सगळी हकीकत सांगितली, जी मी पुढे स्वतः शोधून शोधून वाचली. चरणजित सिंग. हिंदी सिनेमांच्या गाण्यांत वर्षानुवर्षं वाजवणारा मुंबईचा वादक. त्याने जपानी रोलँड कंपनीची तीन यंत्रं आणली, त्यातलं एक टीबी-३०३, गिटारवाल्यांना रियाजाला खर्ज मिळावा म्हणून १९८१ मध्ये काढलेलं. १९८२ मध्ये त्याने या यंत्रांवर दहा राग वाजवले, एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, आणि ती पडली. ते यंत्रही पडलं, १९८४ मध्ये रोलँडने ते बंद केलं. मग शिकागोच्या पोरांना ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं. त्यांनी त्याच्या खुंट्या वेड्यासारख्या पिळल्या आणि १९८७ मध्ये 'फ्यूचर' या तिघांची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही अकरा मिनिटांची रेकॉर्ड आली. तिच्यापासून अ‍ॅसिड हाऊस सुरू झालं असं सगळे धरून चालले होते. पुढे २००२ मध्ये एका डच रेकॉर्डवेड्याला दिल्लीत चरणजित सिंगांची रेकॉर्ड सापडली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि लोकांनी तारखा ताडून पाहिल्या. शिकागोच्या पाच वर्षं आधी, मुंबईत, तेच यंत्र, तसलाच बेडूक! त्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली असल्याचा काहीच पुरावा नाही. दोन्हीकडे आपापलंच उगवलं. सत्तरीतल्या सिंगांना मग युरोपातून बोलावणी आली, ते जाऊन वाजवूनही आले, आणि २०१५ मध्ये मुंबईत वारले.

'अ‍ॅसिड ट्रॅक्स' शिकागोच्या 'म्युझिक बॉक्स' क्लबात रॉन हार्डीने पहिल्यांदा लावली, तेव्हा नाचणारे जागा सोडून निघून गेले, असं सांगतात. त्याने त्याच रात्री ती पुन्हा लावली. पुन्हा लावली. चौथ्यांदा लावली तेव्हा लोकांना वेड लागलं. मी हे वाचलं आणि मला गिरगावातली दारं आठवली. अप्पांनी चार वेळा नाही, चारशे वेळा लावली असेल.

मूळ प्रतीची आजची किंमत भाच्याने मला सांगितली होती. मी ती सौभाग्यवतीला सांगितलेली नाही. "पुन्हा काढलेली मिळते, पाठवू का?" असंही तो म्हणाला. मी नको म्हटलं. म्हटलं, नवीन काय निघतंय ते पाठव. ज्याला आज कोणी विचारत नाही, असलं. तीनशेच प्रती असतील, असलं. तेव्हापासून पार्सलं येतात. खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या मला कळत नाहीत. मी त्या चार चार वेळा लावतो. एकही रद्दीत घातलेली नाही.

यंदा दिवाळीला भाचा आला. बॅगेतून त्याने एक रेकॉर्ड काढली आणि माझ्यासमोर धरली. मी नको म्हटलं होतं तीच. "मामा, नवीन नवीन काय लावलंयस? ही तुझ्याकडे नाही म्हणजे काय!" सौभाग्यवती, बहीण, मेव्हणे, सगळे बसलेले. माझा हात जरा थरथरला असावा, कारण पिन पहिल्यांदा कडेवरून घसरली. मग बसली. टुक्‌-टुक्‌-टुक्‌. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, पण ती काही बोलली नाही.

आतल्या खोलीत पलंग करकरला. काठीचा आवाज आला. आई दाराच्या चौकटीला धरून उभी.

"अरे, ही अप्पांची डिस्कोवाली. कुठे सापडली?"

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी रेकॉर्डकडे बघायला लागलो.

आईने बाहेर गॅलरीत लावलेल्या कंदिलाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आणि दिवेलागणीला भैरव लावतोस होय रे? अक्कल आहे का? यमन लाव."

मी पिन उचलली.